तळ्याकाठी तीनशे बारा रोपं

९ मार्च, तळ्यावरून

वन्सं,

आधी नमस्कार, मग खुशाली. आम्ही दोघं परवा संध्याकाळी सुखरूप पोचलो. लगेच फोन करायला गेले, पण तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. धक्क्याच्या अगदी टोकाला उभं राहिलं तरच फोन लागतो, आणि तिथे वारा असा की निम्मे शब्द तळ्यात. त्यात तुमचे दादा मागून माझा कोट धरून उभे, मी पडेन म्हणून. असं बोलण्यापेक्षा पत्र बरं. मॅट्रिकला माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता, हे यांना चाळीस वर्षांत पटलेलं नाही. तुम्हाला पटवून दाखवते.

घर बाहेरून पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, हे घर की जळणाची थप्पी? आत आले आणि जीभ चावली. मांडीएवढे जाड ओंडके एकावर एक बसवलेले, मधल्या फटी गच्च भरलेल्या, वाऱ्याचा सुस्कारासुद्धा आत येत नाही. शेगडी पेटवली की भिंतींना डिंकाचा वास सुटतो. यांचं तर विचारूच नका. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या केली या माणसाने, आता एकेक ओंडका बोटाने वाजवत फिरताहेत, डॉक्टर छाती तपासतात तसे. एका कोपऱ्यात फट सापडली. आनंद असा की ती नसती तर रुसलेच असते.

तळं अजून गोठलेलं आहे. काल दुपारी आतून आवाज आला, कोणी मोठं कापड टराटरा फाडावं तसा. मी देवाचं नाव घेत बाहेर धावले. बर्फाला या काठापासून त्या काठापर्यंत तडा गेला होता आणि त्यातून काळं पाणी वर डोकावत होतं. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात, इथे बर्फाखाली पाणी. तशीच हात जोडून उभी राहिले. पाय गारठल्यावर आत आले.

तुम्ही पायरीवरून पडलात आणि खुबा मोडला, तेव्हापासून हे घर बंद होतं. डॉक्टर म्हणाले ना, जूनपर्यंत काठी टेकत का होईना पण हिंडाल. मग तुम्ही परत याल त्या दिवशी घर ऊबदार आणि बाग हिरवी असेल, हा माझा शब्द. त्यासाठीच तर आलो आहोत. फळीवर तुमचा बियांचा पत्र्याचा डबा सापडला आहे.

तुमची वहिनी


१६ मार्च, मुलाच्या घरून

वहिनी,

पत्र मिळालं. निबंध चांगला आहे, फक्त मुद्दा शेवटच्या ओळीत येतो.

शेगडीतली राख रोज काढा, पण गार झाल्याशिवाय नाही. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब चालू ठेवा, नाहीतर पाइप गोठून फुटेल. माळ्यावर उंदीर आहे. तो माझ्या आधीपासून तिथे राहतो, त्याच्याशी भांडू नका.

आणि बागेत काही लावू नका. भाजी नाही, फूल नाही, काही नाही. कारण विचारू नका. नुसतं घर सांभाळा, तेवढं पुष्कळ झालं.

मी बरी आहे. चौथ्या मजल्यावर आहे. मुलगा ऑफिसला जातो, सूनबाई ऑफिसला जाते, मी खिडकीतून खालच्या गाड्या मोजते. सध्या पांढऱ्या पुढे आहेत. मुलगा फार जपतो. पाण्याचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी देतो, जणू मीच फुटेन. तीस वर्षं होडीतून घरोघरी हिंडून लोकांना इंजेक्शनं दिली, आता कोणी मला उठून उभीसुद्धा राहू देत नाही.

दादाला सांगा, फटीचं नीट कर, पण छपरावर चढू नको. चढलाच असेल तर उतर.

तुमची नणंद


२ एप्रिल, तळ्यावरून

वन्सं,

हे छपरावरून उतरले. पत्र वाचून नाही, जेवायला.

तुमचा माझ्या हातावर भरवसा नाही, ते कळलं मला. तुमचा कुंडीतला गुलाब माझ्या हातून मेला त्याला वीस वर्षं झाली. पाणी जास्त झालं हे मी तेव्हाच कबूल केलं होतं. असो. तुमचं पत्र आलं त्याच्या आधीच मी एक उद्योग करून बसले आहे, तेव्हा आता रागवायचं तर सगळं वाचून मग रागवा.

तुमच्या डब्यात टोमॅटोच्या बियांची पुडी होती. वरची तारीख सहा वर्षांपूर्वीची. मनात म्हटलं, एवढं जुनं बी, दहातलं एक उगवलं तर देव पावला. आणि फेकून देणं माझ्या रक्तात नाही. म्हणून अख्खी पुडी पेरली, जुन्या बेकिंगच्या ट्रेमध्ये, शेगडीजवळ. आठव्या दिवशी माती हलल्यासारखी दिसली. नवव्या दिवशी सगळं बी वर. सगळं म्हणजे सगळं. देव पावतो तेव्हा हात आखडत नाही.

हे म्हणाले, आता विरळणी कर, सशक्त तेवढी ठेव, बाकीची उपट. मी चिमटीत एक धरलं. दोन पानं, केसाएवढा देठ, आणि वर टरफल टोपीसारखं डोक्यावर. सहा वर्षं डब्यात अंधारात वाट बघितली त्याने, आणि मी उपटू? मग एकेक सोडवून वेगळं लावलं. पेले संपले, दह्याचे डबे संपले, तुमच्या दोन रबरी बुटांतही लावली आहेत. वहीत मांडून ठेवली आहेत, तीनशे बारा. खिडक्या भरल्या, जेवणाचं टेबल भरलं, न्हाणीघरातल्या टबात साठ आहेत. आम्ही आंघोळ बादलीने उभ्याने करतो.

आणि वन्सं, तळं मोकळं झालं. सोमवारी बर्फाचे तुकडे एकमेकांना धक्के देत काठाला आले, चुरचुर वाजत, काचेची भांडी घासावीत तसे. मंगळवारी निळं पाणी. बुधवारी बदकं, इतका गलबला की जणू जागेवरून भांडण लागलंय. बर्च झाडांच्या फांद्या जांभळट दिसतात, अजून पान नाही, पण फुगलेली आहेत. मी दिवसातून दहा वेळा बाहेर जाऊन बघते. हे म्हणतात, दूध उतू जातंय का ते बघतेस तशी बघतेस.

तुम्ही थंडीआधी लावलेला लसूण वर आला. हिरवे भाले नुसते. साडेतीन ओळी आहेत. चौथी मध्येच थांबली आहे, लसूण संपला असेल तुमचा. मी उरलेल्या अर्ध्या ओळीत मटार लावू का? नाही म्हणालात तरी लावणार आहे, पण विचारलेलं बरं.

वहिनी


१९ एप्रिल, तळ्यावरून

वन्सं,

आज खुशाली नंतर.

सकाळी एक गृहस्थ आले. सभ्य होते, बूट दाराबाहेर काढले. हातात मोजपट्टी, खिशात घराची किल्ली. तुमच्या मुलाने दिली म्हणाले. खोल्या मोजायच्या होत्या. मोजू दिल्या. पण मोजणार कुठून, प्रत्येक कोपऱ्यात रोपं. बिचारे एक पाय उचलून दुसरा कुठे ठेवायचा ते मला विचारत होते. टबाशी आले तेव्हा मोजपट्टी खिशात घातली.

मग चहा पिताना बोलले, हे घर तेच विकत घेणार आहेत. एकतीस मेला कागदांवर तुमची सही आहे. ओंडके उतरवायचे, आणि त्या जागी काचेचं दुमजली घर. हे चहा तसाच ठेवून उठले. ज्या कोपऱ्यातली फट परवाच बुजवली, तिथे जाऊन भिंतीला हात लावून उभे राहिले.

जाताना त्यांना चार रोपं दिली. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, तो मोजपट्टी घेऊन आला असला तरी.

आता मला कळलं काही लावू नका का म्हणालात ते. मी आपली त्या गुलाबाला धरून बसले होते. वन्सं, घर तुमचं आहे, विकायचं तर विका, मी कोण सांगणारी. पण मुलाने गळ घातली म्हणून विकता आहात की तुमच्या मनाने, एवढं खरं लिहा. मी इथे रोज तुमच्या वाटेकडे डोळे लावून पाणी घालते आहे.

वहिनी


२६ एप्रिल, मुलाच्या घरून

वहिनी,

खरं लिहिते. एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नका.

लसूण संपला नव्हता.

मी पायरीवरून पडले नाही. चौथी ओळ लावत होते. वाकले, उठताना पाय फिरला आणि खाली बसल्यासारखी पडले. सकाळचे दहा वाजले होते. उठता येईना. नर्स आहे, खुबा मोडलाय हे मला तेव्हाच कळलं. ओरडले. पलीकडच्या काठावर कोणीतरी लाकडं फोडत होतं, त्या आवाजात माझा आवाज गेला असेल. मग ओरडायची लाज वाटायला लागली. दुपारी तीनला होडीवाला सहज मासे द्यायला आला, म्हणून आज पत्र लिहिते आहे. पाच तास. हातात लसणाची पाकळी होती ती दवाखान्यात नर्सने मूठ उघडून काढली.

होडीवाल्याला शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही. मुलाला मात्र डॉक्टरांकडून कळलं. तेव्हापासून तो झोपेतून उठून माझ्या खोलीत डोकावतो. त्याचं एकच म्हणणं आहे. आई, तिथे पुन्हा पडलीस तर कोणाला कळणार? ज्याला उत्तर नाही त्याच्यावर वाद कसला घालायचा? म्हणून हो म्हटलं. माझ्या मनाने म्हटलं आणि भीतीनेही म्हटलं, दोन्ही खरं आहे.

मला ती बाग डोळ्यांसमोरसुद्धा नको होती. आता तुम्ही भाले बिले लिहिता.

रबरी बुटांच्या तळाला भोकं पाडलीत का? नाहीतर मुळं कुजतील.

नणंद


५ मे, तळ्यावरून

वन्सं,

भोकं पाडली.

तुमचं पत्र वाचलं आणि उठून त्या चौथ्या ओळीपाशी गेले. तिथे खाली बसून पाहिलं. तिथून तळं दिसतं, आभाळ दिसतं, पण एकही घर दिसत नाही. मग माझ्याने तिथे पाच मिनिटंही बसवेना. तुमच्या मुलाचं चुकत नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही म्हणणार नाही की वहिनी लेकाविरुद्ध कान भरते आहे.

आता पुढचं.

एवढी रोपं आपल्याला जन्मभर पुरली असती. म्हणून मी मागच्या आठवड्यात टपालपेटीशेजारच्या दुकानात चिठ्ठी लावली : टोमॅटोची रोपं न्यावीत, डबा आपला आणावा. वाटलं, दोघं-तिघं येतील. शनिवारी सकाळी धक्क्याला सात होड्या लागल्या. मला हसू आवरेना. लोक बादल्या, पातेली घेऊन आले, एक जण तर हेल्मेट घेऊन आला होता.

आणि वन्सं, रोप हातात घेतलं की प्रत्येकाचा एकच प्रश्न, नर्सबाई कधी येणार? बेकरीवाली म्हणाली, तिची जुळी तुमच्या हातावर झाली, वादळात, आणि दुसरी येताना तुम्ही तिच्या नवऱ्याला घराबाहेर काढलंत कारण तो रडत होता. शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, तुमच्यासारखा दम त्याला त्याच्या आईनेही दिला नाही. सगळ्यांना वाटत होतं तुम्ही लेकाकडे कायमच्या राहायला गेलात, आता आपली कशाला आठवण असेल. तुम्ही पडलात हेच कोणाला माहीत नव्हतं. होडीवाला खाली मान घालून होडीचा दोर उगाच सोडत-बांधत होता. त्याला मीच म्हटलं, बाबा, शपथ माझ्या डोक्यावर, आणि सगळ्यांना सांगून टाकलं. माफी मागत नाही.

रागवा, पण एक सांगते. तीस वर्षं तुम्ही या सगळ्यांच्या घरात न विचारता शिरलात. स्वतःच्या घरात मात्र कोणाला शिरू दिलं नाहीत.

यांनी पडवीत नवीन काम काढलं आहे. जुन्या फळ्यांचे कमरेएवढे उंच वाफे. खुर्चीत बसून हात घातला की माती. मी म्हटलं, घर तर विकणार आहेत. म्हणाले, तू रोपं लावायची थांबलीस का? बर्चला पानं फुटली. कालपर्यंत काही नव्हतं, आज सकाळी सगळा काठ पोपटी, इतका की डोळ्यांना गोड लागावा.

सही एकतीसला आहे. त्याआधी एकदा येऊन बघा. निरोप घ्यायचा असला तरी तोंडावर घ्यावा.

वहिनी


१२ मे, मुलाच्या घरून

वहिनी,

बावीसला येते. एक दिवस. सकाळी मुलगा आणून सोडेल, संध्याकाळी नेईल. कोणाला बोलावू नका. तुम्ही बोलावणार, तरी सांगून ठेवते.

वाक्य लागलं. कोणतं ते तुम्हाला माहीत आहे.

टोमॅटो एकदम बाहेर लावू नका, पहाटे अजून गारठा पडत असेल. आधी रोज दोन-दोन तास सावलीत ठेवा, मग उन्हात. आंब्याच्या अढीसारखं दर तासाला जाऊन चाचपू नका.

नणंद


२४ जून, तळ्यावरून

वहिनी,

तुम्ही गेल्यापासून घर शांत आहे. पहिले दोन दिवस बरं वाटलं.

त्या बावीस तारखेला संध्याकाळी मी गाडीत बसले नाही, हे तुम्ही पाहिलंत. काही ठरवून केलं नव्हतं. उंच वाफ्यात हात घातला, माती कोमट होती, आणि हात बाहेर निघेना. मुलगा दार उघडून उभा होता. त्याला म्हटलं, आठ दिवस राहते. तुम्ही दोघं होता म्हणून तो हो म्हणाला, आणि सही महिनाभर पुढे गेली. पण तुम्हालाही आपलं घरदार आहे. दादाच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी तुम्हाला जावंच लागलं. मी तोंडाने म्हटलं, जा, माझं काय. रात्री मात्र दाराला कडी घातली, आणि कोणाला आत यावं लागलं तर म्हणून पुन्हा काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली आणि होडीवाला आले. त्यांचं आपसात आधीच ठरलं होतं. मी रोज सकाळी नऊच्या आत धक्क्याच्या खांबाला लाल कापड बांधायचं. ते समोरच्या काठावरून दिसतं, बेकरीतून दिसतं, आणि बस वळणावर येते तिथूनही दिसतं. कापड दिसलं की ज्याचं त्याचं काम सुरू. मी म्हटलं, मी काय बंदर आहे का निशाण लावायला? होडीवाला म्हणाला, बाई, पाच तास मी पुन्हा होऊ देणार नाही. त्याचे डोळे बघून मी कापड घेतलं. रोज बांधते. कुरकुरत बांधते.

परवा रविवारी मुलगा आला, सकाळी साडेआठला, कागद घेऊन. चेहरा दमलेला. टेबलाशी बसला आणि म्हणाला, आई, तू इथे खूश आहेस हे मला दिसतं. पण मी तिथे झोपत नाही, त्याचं काय? मला राग आला असता तर सोपं होतं. राग आला नाही. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याचा हात धरला. पेन टेबलावर होतं. वहिनी, मी ते उचलणार होते. तुमच्यापासून काय लपवू.

तेवढ्यात बाहेर मोटरचा आवाज आला. एका होडीचा नाही. मुलाने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाला, आई, हे काय? चार होड्या चारी बाजूंनी धक्क्याकडे सुटल्या होत्या, पाण्याला फेस आणत. होडीवाला होडी बांधायच्या आधीच उडी मारून उतरला. बेकरीवाली हातभर पिठासकट, मागे तिची जुळी. बस रस्त्याने आली, रविवारची, रिकामी, कर्कश भोंगा वाजवत, आणि ड्रायव्हर माझा लसूण तुडवतच आत शिरला. सगळ्यांनी मला टेबलाशी धडधाकट बसलेली पाहिलं आणि दारातच थबकले.

नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती. मुलाच्या नादात मी कापड बांधायचं विसरले होते.

मी त्यांच्यावर अशी ओरडले की तीस वर्षांत ओरडले नव्हते. बेकरीवाली भिंतीला टेकून रडायला लागली, आणि ड्रायव्हर हसायला. मुलाला आधी काही समजेना. मग होडीवाल्याने त्याला कापडाचं सांगितलं. त्याने खिडकीशी जाऊन धक्क्याचा तो मोकळा खांब पाहिला. मग त्याने विचारलं, "तुम्ही रोज असे येता?"

"रोज कशाला?" ड्रायव्हर म्हणाला. "रोज कापड असतं."

मुलाने पेनाला टोपण लावलं. कागद नीट दुमडून परत पिशवीत ठेवले. फाडले नाहीत, माझा मुलगा आहे तो, कागद फाडत नाही. मग उभा राहिला, आता काय करावं हे न सुचून, लहानपणी राहायचा तसा.

मी त्याला म्हटलं, "चहा टाक. अकरा माणसं आहेत."

त्याने टाकला. साखर कमी पडली, पण कोणी बोललं नाही.

तुमची नणंद